सूर्यावरील वादळ आणि पृथ्वीवरील तारा

१ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन हा इंग्रज ज्योतिर्विद सौर डागांचे चित्र रेखाटीत असता त्याला त्या डागांपाशी दोन शुभ्र, तेजस्वी ठिपके दिसले. काही मिनिटांतच ते मावळले. सुमारे साडेसतरा तासांनंतर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात प्रचंड खळबळ उडाली. युरोप-अमेरिकेतील तारायंत्रांचे काम विस्कळीत झाले. अमेरिकेत तर बॅटऱ्या सोडविल्यावरही तारांतून संदेश जात राहिले! मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही या वादळाची नोंद झाली. ती आजही अभ्यासकांना मोलाची वाटते.

ही वीज आली कोठून? सूर्यावरून निघालेला विद्युत्‌भारित कणांचा लोट पृथ्वीपाशी पोहोचला की तिचे चुंबकीय क्षेत्र डळमळू लागते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात विद्युत्‌प्रवाह निर्माण होतो, हे फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले होते. येथे वाहक म्हणजे जमीन आणि तिला दोन्ही टोकांनी जोडलेली तार. तार जितकी लांब, तितका तिच्यातील विद्युत्‌दाब अधिक. म्हणूनच घरातील रेडिओला जे भय नाही, ते शेकडो किलोमीटर लांबीच्या पारेषण वाहिनीला असते.

हा प्रवाह अतिशय सावकाश दिशा बदलतो. प्रत्यावर्ती प्रवाहासाठी बनविलेल्या रोहित्राच्या दृष्टीने तो जणू एकदिश प्रवाहच होय. त्यामुळे रोहित्राचा लोखंडी गाभा चुंबकत्वाने संपृक्त होतो, ते तापू लागते आणि जाळ्यातील दाबाचा तोल ढळतो. १३ मार्च १९८९ च्या पहाटेपूर्वी कॅनडातील क्वेबेक प्रांतात असेच घडले. तेथील प्राचीन, कठीण खडक विजेचा मंदवाहक असल्याने प्रवाहाने तारांचा मार्ग धरला. दाब सावरणारी उपकरणे एकामागून एक बंद पडली आणि अवघ्या दीड मिनिटात सारे जाळे कोसळले. सुमारे ६० लाख लोकांना विजेवाचून तास काढावे लागले; पुरवठा बहुतांशी पूर्ववत होण्यास ९ तास लागले.

१८५९ साली विजेची तार ही केवळ निरोपाची सोय होती. आज नळाचे पाणी, रेल्वे, रुग्णालये आणि बँका, सारे काही विजेच्या जाळ्यावर विसंबून आहे. वादळ थोपविणे मानवाच्या हाती नाही; मात्र पूर्वसूचना मिळाल्यास वाहिन्यांवरील भार कमी करता येतो. भारताने २०२३ साली सोडलेले आदित्य-एल१ हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर नेण्यात आले. वेगवान लोटाला तेथून पृथ्वी गाठण्यास तासाभराहूनही कमी अवधी लागतो. एवढ्या अवधीत कोणी काय करावयाचे, हे आधीच ठरलेले असावे लागते.