वचन आणि वर्तन

आमच्या गावच्या मंडळीत लहानपणी रविवारच्या शाळेत दर आठवड्याला एक वचन पाठ करावे लागे. न चुकता म्हणून दाखवले की रंगीत चित्राचे कार्ड मिळे. माझ्याकडे अशी कार्डे डबाभर जमली होती. डबा भरला खरा, परंतु त्यातील किती वचने देवळाचा उंबरा ओलांडून शेतात, बाजारात आणि भाऊबंदांच्या अंगणात गेली, हा प्रश्न मला अलीकडे बेचैन करतो. बायबलचे वचन रोजच्या जीवनाला कसे लावावे, याविषयी चार विचार येथे मांडीत आहे. ख्रिस्ती नसलेल्या विद्यार्थी मित्रांनीही हा विषय परका मानू नये. पोथी आणि वागणूक यांतील अंतर सर्वच धर्मांत सापडते.

आपल्या जिल्ह्याला या प्रश्नाचा जुना इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरमध्ये 1831 साली सुरू झाले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 साली येथूनच निघू लागले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक येथे राहिले. त्यांना ख्रिस्ताकडे ओढून नेले ते मुख्यतः मत्तयाच्या पाचव्या ते सातव्या अध्यायांतील डोंगरावरील प्रवचनाने. 1895 साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंची वाट मात्र निराळी होती. सोवळेओवळे मनापासून पाळणाऱ्या या बाईंनी जातिभेद माणसांनी केलेला आहे हे एकदा मनाला पटल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवले, आणि हे बाप्तिस्म्याच्या आधी घडले. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना माझ्या ध्यानात आले की, त्यांच्या बाबतीत धर्माची परीक्षा पाण्याच्या पेल्यापाशी झाली. प्रवचनापेक्षा पेला अवघड असतो.

आता वचन जीवनाला लावावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. पहिला, हे कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी सांगितले? दुसरा, त्या वेळच्या ऐकणाऱ्याला यामुळे काय करावे लागले असते? तिसरा, माझ्या जीवनात तसा प्रसंग कोणता, आणि त्यात माझी जागा कोणाची? आपण बहुधा पहिले दोन प्रश्न गाळतो आणि तिसऱ्यात स्वतःला सोयीची जागा देतो.

याचे एक साधे उदाहरण देतो. परीक्षा जवळ आली की फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील तेरावे वचन वह्यांच्या पहिल्या पानावर दिसू लागते. ख्रिस्ताच्या सामर्थ्याने मला सर्व काही शक्य आहे, असा त्याचा आशय. परंतु पौल ते बंदिवासातून लिहीत होता, आणि आधीच्याच ओळींत तो भरल्या पोटी आणि उपाशी पोटीही समाधानाने राहण्यास शिकल्याचे सांगतो. म्हणजे पहिला वर्ग मिळेल, अशी हमी त्यात नाही. नापास झालो तरी खचून न जाण्याचे बळ मात्र आहे. अर्थ असा उलगडला म्हणजे वचन लहान होत नाही, उलट अधिक दिवस पुरते.

दुसरे उदाहरण मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दाखल्याचे. मालक पहाटे मजूर लावतो, पुढे दिवसभरात पुन्हा पुन्हा बाजारात जाऊन आणखी लावतो, आणि दिवस मावळण्यास तासभर उरला असताना आलेल्यांनाही दिवसाची पूर्ण मजुरी देतो. या दाखल्यावर देवाच्या कृपेचे प्रवचन आपण नेहमी ऐकतो, आणि ते योग्यच आहे. परंतु शेवटच्या मजुरांचे उत्तर नीट वाचावे. दिवसभर रिकामे का उभे, असे विचारल्यावर ते म्हणतात की आम्हांला कोणी कामच दिले नाही. त्यांची चूक आळसाची नव्हती. 1972 चा दुष्काळ आमच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून येतो. हात तयार असून काम नसणे म्हणजे काय, हे त्या पिढीने खडी फोडताना ओळखले. त्याच दुष्काळात महाराष्ट्राच्या रोजगार हमीला जोर आला आणि 1977 साली तिचा कायदा झाला. एक दीनार ही त्या काळी एका दिवसाची मजुरी होती. ती अर्धी मिळाली तर घरची चूल अर्धीच पेटणार, हे मालकाला ठाऊक असावे.

याच्या जोडीला लेवीय 19 आणि अनुवाद 24 हे अध्याय वाचावेत. मजुराची मजुरी रात्रभर अडकवून ठेवू नये, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर अवलंबून असतो, अशी ती आज्ञा आहे. आमच्या शेतात खुरपणीला येणाऱ्या बायांचा हिशेब आठवडे बाजाराच्या दिवशी होई, आणि कधी तोही पुढे ढकलला जाई. घरात रोज प्रार्थना होत असे, परंतु हे कोणाला खटकत नव्हते. मलाही खटकले नव्हते. दाखल्यात मी स्वतःला नेहमी मजुरांत पाहत होतो; आमच्या शेताच्या बांधावर उभा राहिलो तेव्हा कळले की माझी जागा मालकाची आहे. मी आईला हे सांगितले. तिने वाद घातला नाही. त्या हंगामापासून खुरपणीचे पैसे संध्याकाळी रोजच्या रोज दिले जाऊ लागले.

तिसरे उदाहरण अवघड आहे, म्हणून शेवटी ठेवले. माझे वडील आणि थोरले चुलते यांच्यात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सात वर्षे अबोला होता. दोघेही प्रभुभोजनास येत, दोन बाजूंच्या बाकांवर बसत, आणि दोन दारांनी बाहेर पडत. एकदा तरुण संघाच्या सभेत मत्तय 5:23-24 वाचण्याची पाळी माझ्यावर आली. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट कर, असे तेथे सांगितले आहे. ऐकणारे लोक गालीलचे होते आणि वेदी यरुशलेमात, म्हणजे शंभर किलोमीटरांहून दूर. परत जाऊन पुन्हा येणे म्हणजे कित्येक दिवसांची पायपीट. शिवाय तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असे वचन म्हणत नाही. त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध असेल तर, असे म्हणते. म्हणजे मी निर्दोष आहे, ही सबब चालत नाही.

आमच्या चुलत्यांचे घर शंभर पावलांवर होते. चुलतभावाशी मीही बोलत नव्हतो, आणि वडिलांना उपदेश करण्याचा अधिकार मला नव्हता. म्हणून त्याच संध्याकाळी मी एकटाच गेलो. चुलते ओट्यावर बसले होते. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग चुलतीने चहा आणला आणि चुलत्यांनी विचारले, “तुझा बाप बरा आहे ना?” एवढेच झाले. घरी येऊन मी वडिलांना तो प्रश्न जसाच्या तसा सांगितला. ते उठून बाहेर गेले. पुढच्या महिन्यात मोटारीच्या दुरुस्तीसाठी दोघे भाऊ विहिरीवर एकत्र उभे असलेले मी पाहिले. पाण्याच्या पाळीचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. परंतु आता ते भांडतात तरी एकमेकांशी बोलून.

पंडिता रमाबाईंनी बायबलचे भाषांतर करताना साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीचा आग्रह धरला. आज ग्रंथ समजावा म्हणून कष्ट करणारे पुष्कळ होऊन गेले आहेत. समजलेले शंभर पावले चालत नेण्याचे काम मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते. कार्डांचा तो डबा मी अजून जपून ठेवला आहे. त्यातील दोन वचने उंबऱ्याबाहेर पडली. बाकीची पुष्कळ आहेत.