सिकलसेलचे मूल शाळेत जाते तेव्हा

जूनअखेर विदर्भातल्या शाळा उघडतात. वह्या, दप्तर, गणवेश यांची धावपळ सगळ्याच घरी असते. ज्या घरात सिकलसेलचे मूल आहे तिथे आणखी एक काम असते आणि नेमके तेच राहून जाते. ते म्हणजे शाळेला लेखी कळवणे.

आमच्या वस्तीतल्या सहावीच्या एका मुलाने तासाला दोनदा लघवीची सुट्टी मागितली म्हणून त्याला वर्गाबाहेर उन्हात उभे केले. संध्याकाळी पाय इतके दुखू लागले की रात्री दवाखान्यात भरती करावे लागले. गुरुजींना आजार माहीतच नव्हता. आईला विचारले तर म्हणाली, "ताई, शाळेत सांगितलं की वस्तीभर होते. उद्या पोरीचं लग्न कसं जमवायचं?" तिची भीती खोटी नाही. पण ती लपवाछपवी पोराला चार दिवस सलाईनवर घेऊन गेली.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. तपासणीत 'एएस' आले तर मूल वाहक आहे. ते आजारी नाही, त्याच्यासाठी शाळेत चिठ्ठीची गरज नाही. (लग्नाच्या वेळी मात्र जोडीदाराची तपासणी हवी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक असते.) 'एसएस' म्हणजे रुग्ण. खाली जे लिहिले आहे ते या मुलांसाठी.

या मुलांच्या मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही. म्हणून लघवीला वारंवार जावे लागते आणि तहानही जास्त लागते. पाणी कमी पडले की रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडे ठणकतात. म्हणजे पाण्याची बाटली आणि लघवीची सुट्टी हे या मुलाचे औषधच आहे. हे गुरुजींना तोंडी सांगून भागत नाही, कारण वर्गशिक्षक दरवर्षी बदलतात. वहीच्या पानावर साध्या शब्दांत लिहा:

"माझ्या मुलाला सिकलसेल (एसएस) आहे. त्याला वर्गात पाणी पिऊ द्यावे व मागेल तेव्हा लघवीला जाऊ द्यावे. उन्हात, थंडीत किंवा पावसात उभे करू नये. खेळू द्यावे, पण दमला की बसू द्यावे. दुखू लागल्यास सोबतच्या चिठ्ठीप्रमाणे गोळी द्यावी व मला फोन करावा. ही माहिती शिक्षकांपुरतीच ठेवावी ही विनंती."

शेवटचे वाक्य विसरू नका. आईची भीती तिथेच थोडी कमी होते.

पत्राला सिकलसेल कार्डाची झेरॉक्स आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड घरीच द्या, शाळेत पाठवू नका. हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल फोडायची नसते आणि गरोदर बाईने तिला हात लावू नये. शाळेत ठेवायची ती फक्त दुखण्याची पॅरासिटामॉल. तीही मूळ पाकिटात, वर मुलाचे नाव लिहून. किती आणि किती तासांनी द्यायची हे मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घ्या. कागदाच्या पुडीत बांधून दप्तरात टाकलेली गोळी कोणती, हे दुसऱ्या कुणाला कळणार?

आता शाळेतल्या लोहाच्या गोळीबद्दल. आठवड्यातून एकदा लहान मुलांना गुलाबी आणि दहा वर्षांवरच्यांना निळी गोळी मिळते. ती योजना चांगली आहे. पण ज्या सिकलसेल मुलाला वारंवार रक्त चढवावे लागते त्याच्या अंगात लोह आधीच साठलेले असते. त्याने ही गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांना त्याच चिठ्ठीत लिहायला सांगा. स्वतःच्या मनाने बंदही करू नका आणि सुरूही ठेवू नका.

काही वेळा गोळी देऊन वाट पाहायची नसते. ताप १०१ अंशांवर गेला, छातीत दुखून धाप लागली, हात-पाय लुळा पडला किंवा तोंड वाकडे झाले, डाव्या बरगडीखाली पोट फुगून मूल पांढरेफटक पडले, मुलाच्या लिंगाला ताठरपणा येऊन दुखणे थांबत नाही, तर १०८ ला फोन करून थेट दवाखाना. मुलगा लाजेने शेवटची गोष्ट सांगत नाही. घरी बापाने किंवा मोठ्या भावाने त्याला आधीच समजावून ठेवावे. दुखऱ्या जागी बर्फ लावू नका, थंडीने त्रास वाढतो. हे शाळेलाही सांगा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येते. त्या दिवशी मुलाजवळ कार्ड असू द्या. दवाखान्यात भरती झाल्यास सुट्टीच्या कार्डाची झेरॉक्स शाळेत द्या, म्हणजे गैरहजेरीचे कारण नोंदीत राहील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. त्याच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात विचारा आणि परीक्षेतल्या सवलतीबद्दल मुख्याध्यापकांशी वर्षाच्या सुरुवातीलाच बोला, फेब्रुवारीत नाही.

आणि पत्र देताना दोन प्रती न्या. एकीवर शाळेची सही-शिक्का घेऊन ती घरी, कार्डासोबत ठेवा.