रंगकामासाठी मॉनिटरची निवड

रंग ही केवळ शोभेची बाब नव्हे. अनेक ठिकाणी रंग हीच माहिती असते. भाताच्या पानाचा हिरवेपणा तक्त्यावरील हिरव्या पट्ट्यांशी ताडून पाहावयाचा आणि त्यावरून पिकास नत्रखताची गरज आहे किंवा नाही हे ठरवावयाचे, ही रीत आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आशियातील शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविली. अशा तक्त्याचे चित्र पुस्तिकेत छापताना हिरवा पट्टा मुळापेक्षा गडद उतरला, तर निरोगी पानही त्यापुढे फिके भासेल आणि शेतकरी विनाकारण युरिया टाकील. पट्टा फिका उतरला, तर पीक उपाशी राहील. राष्ट्रध्वजातील केशरी व हिरव्या रंगांच्या छटाही ‘आयएस १’ या भारतीय मानकात आकड्यांनी निश्चित केलेल्या आहेत. शाळेतील नकाशा आणि पिकांवरील रोगांची चित्रे यांचा उपयोगही रंगाच्या खरेपणावरच अवलंबून असतो.

अशा छपाईसंबंधीचे बहुतेक निर्णय आज संगणकाच्या पडद्यासमोर होतात. पडद्यावरील रंग खरा नसेल, तर त्यावर विसंबून दिलेली मंजुरी चुकीची ठरते आणि हजारो प्रती छापून झाल्यावर ती चूक उघडकीस येते. म्हणूनच रंगकामाचा मॉनिटर हे शोभेचे उपकरण न मानता वजनकाट्यासारखे मापनाचे साधन मानावयास हवे. त्याची किंमत साध्या मॉनिटरच्या कित्येक पट असते. सबब त्याची निवड कशी करावी, हे समजून घेणे आवश्यक आहे.

साधा पडदा का पुरत नाही

दुकानात मांडलेला पडदा ग्राहकाचे लक्ष वेधून घ्यावा म्हणून अतिशय तेजस्वी व काहीसा निळसर ठेवलेला असतो. प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक ‘कँडेला प्रतिचौरस मीटर’ हे होय. साध्या पडद्याची तीव्रता या एककात २५० ते ३५० पर्यंत जाते. छपाईच्या कामासाठी मात्र ८० ते १२० इतकीच तीव्रता योग्य मानली जाते, कारण कागद स्वतः प्रकाश देत नाही, तो खोलीतील प्रकाश परावर्तित करतो. पडदा फार तेजस्वी असला की त्यावर उजळ दिसणारे चित्र कागदावर काळवंडलेले उतरते. ‘छापखान्याने रंग बिघडविले’ अशी जी तक्रार वारंवार ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा छापखान्यात नसून पाहणाऱ्याच्या टेबलावर असते.

प्रथम काम, मग पडदा

मानवी डोळ्यास दिसणाऱ्या रंगांचा नकाशा १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने निश्चित केला. कोणताही पडदा या नकाशाचा काही भागच दाखवू शकतो. या भागास रंगविस्तार असे म्हणता येईल. १९९६ साली पुढे आलेला ‘एसआरजीबी’ विस्तार या नकाशाचा सुमारे ३५ टक्के भाग व्यापतो. १९९८ साली तयार झालेला ‘अ‍ॅडोबी आरजीबी’ सुमारे ५० टक्के भाग व्यापतो. छपाईच्या शाईतून उतरणाऱ्या निळसर-हिरव्या छटा पहिल्यात पुरत्या सामावत नाहीत, दुसऱ्यात बहुतांशी सामावतात. चित्रपटगृहासाठी ‘डीसीआय-पी३’ आणि दूरचित्रवाणीसाठी ‘रेक. ७०९’ ही मानके आहेत.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. ज्या कार्यालयाचे काम केवळ संकेतस्थळापुरते किंवा शाळेतील पडद्यावर दाखवावयाच्या पाठांपुरते आहे, त्यास एसआरजीबी पूर्ण दाखविणारा मॉनिटर पुरेसा होतो. पुस्तके, भित्तिपत्रके व नकाशे छापणाऱ्यांनी अ‍ॅडोबी आरजीबीचा निदान ९८-९९ टक्के भाग दाखविणारा मॉनिटर घ्यावा. बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्मा यांची तैलचित्रे आहेत. तशा कलाकृतींच्या संगणकीय प्रतिमा तयार करावयाच्या असतील, तर हा मोठा विस्तार अपरिहार्यच होय. तथापि मोठा विस्तार सर्वांनाच हितकारक असतो असे नाही. जी संगणकप्रणाली रंगांची नोंद वाचत नाही, तिच्यातून साधे चित्र अशा पडद्यावर पाहिल्यास ते भडक दिसते. म्हणून बटण दाबताच एसआरजीबीपुरता मर्यादित होणारा पडदा निवडावा.

तपशीलपत्रक कसे वाचावे

रंगकामास आयपीएस जातीचा पडदा सामान्यतः पसंत केला जातो, कारण बाजूने पाहिले तरी त्यावरील रंग फारसे बदलत नाहीत. अधिकारी, चित्रकार व मुद्रक असे तिघे एकाच वेळी पडदा पाहत असतील, तेव्हा या गुणाचे महत्त्व विशेष जाणवते.

त्यानंतर छटांची संख्या पाहावी. आठ बिटांच्या पडद्यावर लाल, हिरवा व निळा या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, म्हणजे एकूण सुमारे १ कोटी ६८ लाख छटा होतात. दहा बिटांच्या पडद्यावर प्रत्येकी १,०२४ पायऱ्या, म्हणजे सुमारे १०७ कोटी छटा होतात. पायऱ्या कमी असल्या की संध्याकाळच्या आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगात पट्टे उमटतात. दहा बिटांचा लाभ मिळण्यासाठी संगणकातील चित्रपत्र, जोडवायर व संगणकप्रणाली ही तिन्ही त्या क्षमतेची असावी लागतात.

रंगातील चूक ‘डेल्टा ई’ या मापाने सांगतात. हा आकडा १ च्या आसपास असेल, तर फरक डोळ्यास जेमतेम जाणवतो. सरासरी २ हून कमी असणे चांगल्या मॉनिटरकडून अपेक्षित आहे. याखेरीज पडद्याचा मध्य व चारही कोपरे सारखेच उजळ असावयास हवेत. संपूर्ण पांढरा व संपूर्ण राखाडी पडदा उघडून ही परीक्षा कोणासही करता येते.

जाहिरातीतील एका शब्दाबाबत विशेष सावध राहावे. ‘विस्ताराच्या १०० टक्के क्षेत्रफळ’ आणि ‘विस्ताराचा १०० टक्के व्याप’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका शेताचे क्षेत्रफळ दुसऱ्याइतके असले, तरी ते शेत त्याच जागी असते असे नव्हे. रंगांचेही तसेच आहे. म्हणून खरेदीच्या कागदपत्रांत ‘व्याप’ हाच शब्द असावा.

नियमित मापनाची गरज

उत्तम मॉनिटरही काळानुसार बदलतो. त्याचा प्रकाश मंदावतो व पांढरा रंग सरकतो. वजनकाट्याची जशी ठराविक मुदतीने पडताळणी होते, तशी पडद्याचीही व्हावयास हवी. यास कॅलिब्रेशन म्हणतात. पडद्यावर मापक ठेवून ठराविक रंग मोजले जातात, पडदा दुरुस्त केला जातो आणि त्याच्या गुणधर्मांची नोंद संगणकात ठेवली जाते. ही नोंद ठेवण्याची सर्वमान्य पद्धत १९९३ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय रंग संघाने ठरवून दिली आहे. उच्च श्रेणीच्या मॉनिटरात ही दुरुस्ती पडद्याच्या स्वतःच्या यंत्रणेत होते, त्यामुळे छटा कमी होत नाहीत. जपानच्या आयझो कंपनीच्या कलरएज सीजी वर्गातील मॉनिटरांसारख्या काही मॉनिटरांत तर मापक चौकटीतच बसविलेला असतो.

पडदा सुरू करून अर्धा तास झाल्यावरच मापन करावे आणि निदान महिन्यातून एकदा ते नेमाने करावे. मापकासाठी तरतूद न ठेवता सारा पैसा पडद्यावर खर्च करणे म्हणजे काटा घेऊन वजने न घेण्यासारखे आहे. दोन गावांतील दोन कार्यालयांनी एकाच मानकावर पडदे जुळविले, तर पाहणाऱ्यांच्या संभाषणातील ‘हा हिरवा’ दोन्हीकडे एकच राहतो.

खोली, प्रकाश आणि डोळा

खिडकीतून पडद्यावर ऊन येत असेल, तर सर्वांत महाग मॉनिटरही निरुपयोगी ठरतो. खोलीचा प्रकाश मंद व स्थिर असावा, भिंती फिक्या राखाडी असाव्यात आणि पडद्यास काळी झडप लावावी. छापील नमुना पाहण्यासाठी ५,००० केल्विन रंगतापमानाचा प्रमाणित दिवा वापरतात. घरगुती पिवळा दिवा तेथे चालत नाही. काम छपाईचे असेल, तर पडद्याचा पांढरा रंग या दिव्याखालील कागदाशी जुळवून घ्यावा. पडद्यापुरत्या कामास ‘डी६५’ हा पांढरा, म्हणजे सुमारे ६,५०० केल्विन, वापरावा.

शेवटचे साधन म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा. लाल व हिरवा यांतील भेद काही व्यक्तींना, विशेषतः पुरुषांना, जन्मतःच नीट कळत नाही आणि अनेकांना स्वतःलाही ते ठाऊक नसते. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या ठिपक्यांच्या चित्रांवरून ही परीक्षा काही मिनिटांत होते. रंगास अंतिम मंजुरी देणाऱ्याने ती करून घ्यावी. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

खरेदीपूर्वी

शासकीय खरेदीत कमी किमतीस मान मिळतो, व ते योग्यही आहे. परंतु मागणीपत्रात केवळ ‘२७ इंची मॉनिटर’ एवढेच लिहिले, तर कमी किमतीचा साधा पडदाच हाती पडेल. म्हणून रंगविस्ताराचा व्याप, दहा बिटांची क्षमता, डेल्टा ईची मर्यादा, पडद्याचा एकसारखेपणा, अंतर्गत कॅलिब्रेशन, मापक, झडप व हमीची मुदत या सर्व बाबी आकड्यांसह नमूद कराव्यात. वीजपुरवठा अनियमित असेल तेथे यूपीएसचीही तरतूद करावी. दहा टेबलांवर दहा मध्यम मॉनिटर ठेवण्यापेक्षा नऊ साधे पडदे आणि रंगाच्या मंजुरीसाठी एक उत्तम पडदा ही व्यवस्था बहुधा अधिक लाभाची ठरते.

एवढे करूनही पडदा हे अंतिम प्रमाण नव्हे. भाताच्या तक्त्यासारख्या कामात छापील नमुना मापकाने मोजूनच स्वीकारावा आणि मूळ तक्त्याशेजारी ठेवून दिवसाच्या प्रकाशात ताडून पाहावा. चांगल्या पडद्यामुळे चूक लवकर व कमी खर्चात सापडते. ती शोधण्याची जबाबदारी मात्र पाहणाऱ्याचीच असते. ही जबाबदारी कार्यालयाने पार पाडली, तर पुस्तिकेतील हिरव्या रंगावर शेतकऱ्यास निर्धास्तपणे विसंबता येईल.