सूतिकेचे मानसविकार आणि तज्ज्ञसल्ल्याची जोड

गर्भिणी व सूतिका परिचर्या हे आयुर्वेदाचे वैभव होय. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात गर्भधारणेस उपकारक भावांत मनाच्या प्रसन्नतेस श्रेष्ठ स्थान दिले आहे. काश्यपसंहितेच्या खिलस्थानात सूतिकेच्या उपक्रमासाठी स्वतंत्र अध्याय आहे. आजही बाळंतकाढा, दशमूलारिष्ट वा शतावरी कल्पासाठी घरची मंडळी वैद्याकडे व औषधालयात येतात. साहजिकच सव्वा महिन्याच्या त्या काळात मानसोपचारतज्ज्ञाच्या आधी सूतिकेची गाठ बहुधा आपल्याशीच पडते. अशा वेळी आपली जबाबदारी कोणती व साहाय्य कोठून मिळवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्याप्ती

गोव्यातील मातांवरील विक्रम पटेल व सहकाऱ्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. दारिद्र्य, पतीशी बिघडलेले संबंध आणि मुलगी जन्मणे यांचा त्याच्याशी संबंध दिसून आला. भारतातील अनेक अभ्यासांच्या २०१७ मधील एकत्रित विश्लेषणातही हे प्रमाण सुमारे २२ टक्के आले. हा विकार दुर्मिळ नाही. तो विचारला जात नाही, एवढेच.

तीन अवस्थांचा विवेक

१) प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यात रडू येणे, मन हळवे होणे हे पुष्कळ स्त्रियांत दिसते. विश्रांती व आधार यांनी ते साधारण दोन आठवड्यांत शमते.

२) उदासीनता, अरुची, अपराधी भावना, बाळ झोपले असतानाही झोप न येणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास नैराश्याचा विचार करावा. एडिंबरा प्रश्नावली (१९८७) यासाठी उपयुक्त आहे. तिच्या दहा प्रश्नांचे एकूण गुण ३० असून १३ वा अधिक गुण आल्यास तज्ज्ञाकडून तपासणी करवावी. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराविषयी आहे. त्यास होकारार्थी उत्तर आल्यास एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी तज्ज्ञाशी संपर्क साधावा.

३) प्रसूतीनंतरचा तीव्र उन्माद हजारी एक-दोन स्त्रियांत, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत उद्भवतो. झोप नाहीशी होणे, असंबद्ध बोलणे, भ्रम, बाळाविषयी विपरीत कल्पना ही त्याची लक्षणे होत. घरचे याला ‘बाहेरची बाधा’ म्हणतात आणि मोलाचे दिवस वाया जातात. यात माता व बाळ दोघांच्याही जिवास धोका असतो. त्यांस एकटे न सोडता तत्काळ रुग्णालयात न्यावे. सोबत ज्वर, तीव्र शिरःशूल वा आक्षेपक असल्यास प्रसूतितज्ज्ञांनाही त्वरित कळवावे. जंतुसंसर्ग वा मेंदूतील रक्तवाहिन्यांचा विकार मूळ कारण असू शकतो.

सल्ल्याचा एक उपयुक्त नमुना

प्रत्येक सूतिका तज्ज्ञापर्यंत पोहोचू शकत नसेल, तर तज्ज्ञाचे ज्ञान तिच्या चिकित्सकापर्यंत पोहोचवावे, या विचाराने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१४ साली ‘एमसीपॅप फॉर मॉम्स’ हा उपक्रम सुरू झाला. प्रसूतितज्ज्ञ, कुटुंबवैद्य वा बालरोगतज्ज्ञ दूरध्वनी करतो आणि गर्भिणी-सूतिकांच्या मानसविकारांचा विशेष अभ्यास असलेला मानसोपचारतज्ज्ञ त्यास सल्ला देतो. चिकित्सकांचे प्रशिक्षण आणि रुग्णेस योग्य सेवेशी जोडून देणे ही त्याची अन्य दोन अंगे होत. चिकित्सा मूळ चिकित्सकाच्याच हाती राहते, पण तो एकाकी राहत नाही. पुढे अमेरिकेतील अनेक राज्यांनी हा नमुना स्वीकारला.

आपल्याकडील सोयी

बेंगळुरू येथील निम्हान्स संस्थेत २००९ पासून माता व बाळ यांना एकत्र दाखल करून घेणारा विभाग आहे. ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती अहोरात्र व मराठीतूनही मिळते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम तसेच पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये आहेतच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचार घेणाऱ्या मातेपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करता येत नाही. ‘बाळ तुटेल’ या भीतीने उपचार टाळणाऱ्या कुटुंबास हे आवर्जून सांगावे.

सल्ला घेताना द्यावयाची माहिती

गर्भाचा महिना वा प्रसूतीचा दिवस, स्तनपान चालू आहे किंवा नाही, पूर्वीचा व कुटुंबातील मानसविकार, विशेषतः उन्माद-नैराश्याचा आलटून-पालटून येणारा विकार, झोप, आत्मघाताचा वा बाळास इजा करण्याचा विचार, घरातील आधार वा मारहाण, आणि चालू असलेली सर्व औषधे, आपण दिलेली धरून.

औषधांविषयी दक्षता

गर्भ राहिल्याचे कळताच मानसविकारावरील औषधे एकाएकी बंद करण्याचा सल्ला देऊ नये. व्याधी उलटण्याचा धोका असतो. व्हॅल्प्रोएट गर्भास घातक आहे, म्हणून रुग्णा ते घेत असल्यास तज्ज्ञाशी त्वरित बोलावे. लिथियम घेणाऱ्या स्त्रीस वमन-विरेचन वा तीव्र मूत्रल द्रव्ये देऊ नयेत, कारण शरीरातील जल व लवण घटल्यास लिथियमची विषारी पातळी गाठली जाते. सर्पगंधेतील रेसर्पिन नैराश्य वाढवू शकते आणि अपरा व स्तन्य यांवाटे बाळापर्यंत पोहोचते. म्हणून निद्रानाशासाठीही सर्पगंधायुक्त कल्प गर्भिणी वा सूतिकेस देऊ नयेत. औषधालयचालकांनी असे कल्प केवळ मागितले म्हणून हाती ठेवू नयेत. याउलट सर्ट्रालिनसारखी काही औषधे स्तन्यात अल्प प्रमाणात उतरतात व स्तनपान चालू ठेवून देता येतात. तज्ज्ञाने ती दिली असल्यास आपण शंका पेरू नये.

समारोप

अभ्यंग, आहार, विश्रांती व सत्त्वावजय यांचे मोल निर्विवाद आहे. तज्ज्ञाचे उपचार चालू असतानाही ते आपल्याच हातून व्हावयाचे आहेत. संघटनेच्या प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यास जवळचे दोन मानसोपचारतज्ज्ञ निश्चित करावेत, त्यांची एक सभा घ्यावी व त्यांचे दूरध्वनी क्रमांक सभासदांना द्यावेत. औषधालयचालकांनी एवढेच करावे : दुसऱ्या क्रमांकाचा काढा नेण्यास आलेल्या सासूला वा पतीला विचारावे, “बाळंतिणीला झोप लागते ना? ती बोलते-हसते ना?” या दोन प्रश्नांनी एखादी माता वेळीच तज्ज्ञापर्यंत पोहोचू शकते.