हँडबॉल खेळणारी नातवंडे आणि त्यांची शरीरयष्टी

आपल्यापैकी काहींची नातवंडे शाळा सुटल्यावर हँडबॉल, म्हणजे हिब्रूत ज्याला कदुरयाद म्हणतात तो खेळ, खेळायला जातात. एकाच संघात कुणी उंच, कुणी ठेंगणा, कुणी सडपातळ, कुणी अंगाने भरलेला. या खेळाला ही सगळीच मुले लागतात.

मैदान 40 मीटर लांब व 20 मीटर रुंद असते. प्रत्येक बाजूला 7 खेळाडू. मोठ्या वयाच्या खेळाडूंत जागेप्रमाणे साधारण असा फरक दिसतो :

गोलरक्षक – गोल 3 मीटर रुंद व 2 मीटर उंच असल्याने उंची व लांब हातपाय उपयोगी. धावणे इतरांपेक्षा कमी.

विंग, म्हणजे कडेचे दोघे – हलके, चपळ, बहुधा संघात सर्वांत कमी उंचीचे.

बॅक, म्हणजे मागचे तिघे – उंच, लांब हातांचे. समोरच्यांच्या डोक्यावरून चेंडू मारणारे.

पिव्हट – 6 मीटरच्या रेषेवर विरुद्ध संघाच्या गर्दीत पाय रोवून उभा राहणारा; वजनदार व भक्कम.

पण हे माप लहान मुलांना लावू नये. मुलींची उंची साधारण 12व्या व मुलांची 14व्या वर्षाच्या सुमारास सर्वांत झपाट्याने वाढते. कुणाची आधी, कुणाची उशिरा. म्हणून 13 वर्षांची दोन मुले काका-पुतण्यासारखी दिसू शकतात. आज ठेंगणा असलेला उद्या उंच होऊ शकतो. तोवर मुलांना सर्व जागांवर खेळू द्यावे.

घरी आपण काय करावे?

1. ‘जाड्या’, ‘बुटक्या’ अशी हाक थट्टेतही मारू नये. मुले ती मनाला लावून घेतात आणि जेवण सोडतात.

2. वाढत्या वयात उपाशी राहून वजन उतरवू नये. पोळी, भात, डाळ, मासे, अंडी, भाजी, फळे पोटभर द्यावीत. बळेबळे भरवूही नये. उन्हाळ्यात पाण्याची बाटली सोबत हवी.

3. खेळणाऱ्या नातीचे खाणे कमी होऊन पाळी बंद झाली, तर तो थकवा समजून सोडून देऊ नये.

4. गुडघ्याच्या वाटीखाली दुखत असेल तर खेळ कमी करावा. सूज आली, मूल लंगडू लागले किंवा रात्री दुखून जाग आली, तर नुसत्या तेल-मालिशीवर न थांबता कुपत होलीमच्या डॉक्टरांना दाखवावे.

प्रशिक्षक खेळ पाहतात. ताटात काय उरले, हे मात्र आजी-आजोबांनाच आधी दिसते.