पिण्याच्या पाण्याचे जलाशय आणि यांत्रिक नौका

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात वसलेले पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थळ व बंजारा समाजाचे श्रद्धास्थान होय. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. तीर्थक्षेत्रास पर्यटनाची जोड मिळाली की जवळच्या जलाशयात नौकाविहाराची कल्पना पुढे येणे स्वाभाविक आहे. मात्र येथील मोठी यात्रा रामनवमीस, म्हणजे चैत्रात भरते. त्याच सुमारास वऱ्हाडातील जलाशयांची पातळी खालावू लागते. साठा जितका कमी, तितका दूषित द्रव्यांचा अंश अधिक. म्हणून नौका पाण्यात उतरण्यापूर्वी नियम ठरणे इष्ट होय.

नावेच्या मागे बाहेरून बसविल्या जाणाऱ्या जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक मोटारीत सुमारे २५ ते ३० टक्के इंधन न जळताच बाहेर पडते. त्यातील बेंझिनसारखी द्रव्ये पाण्यात विरघळतात. तुरटी, वाळूची गाळणी व क्लोरीन यांनी गाळ आणि जंतू दूर होतात. विरघळलेले बेंझिन मात्र पुरेसे निघत नाही. याच कारणास्तव अमेरिकेतील टाहो सरोवरावर १९९९ पासून कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोक मोटारींना मनाई आहे.

आपल्याकडे १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंधक कायद्याने जाणूनबुजून पाणी दूषित करण्यास बंदी आहे. परंतु मोटारीतून झिरपणाऱ्या इंधनाबाबत हे सिद्ध करणे कठीण. २०१७ च्या पाणथळ क्षेत्र नियमांतून तर खास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. भोपाळचा मोठा तलाव मानवनिर्मित व शहराला पाणी पुरविणारा. तो रामसर स्थळ असल्याने त्यास संरक्षण लाभले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तेथील क्रूझ व मोटारबोटी बंद करण्याचा आदेश दिला. गावोगावच्या साध्या जलाशयांना असे कवच नाही.

ही उणीव भरून काढणारा राज्याचा नियम सुटसुटीत असावा. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात पेट्रोल व डिझेलच्या नौकांना मनाई. वल्ह्याच्या, पायचाकाच्या व बॅटरीवरील नौकांना मुभा. पाणी उचलण्याच्या विहिरीभोवती सर्वच नौकांना प्रवेशबंदी. बचावकार्यास मात्र सवलत. मच्छीमार बांधवांच्या नौकांना बदलासाठी मुदत व साहाय्य देणेही न्याय्य ठरेल.

यात्रेकरूला नौकाविहार घडला नाही तरी त्याची यात्रा पूर्ण होते. परंतु त्याची तहान भागविणारे पाणी निर्मळ असलेच पाहिजे.