एका पंपात एकच औषध

यवतमाळ जिल्ह्यात फवारणीविषयी काही सांगायचे तर 2017 चा खरीप टाळून सांगता येत नाही. त्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले आणि यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले वॉर्ड भरून गेले. अमरावती विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले. पुढे शासनाने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांत मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेंथियुरॉन, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड या पाच औषधांची विक्री 60 दिवसांसाठी थांबवली. कारणे एकाहून अधिक होती. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, हवा दमट होती, जास्त दाबाचे पंप आले होते, अंगावर संरक्षणाची साधने नव्हती. पण वारंवार पुढे आलेले एक कारण म्हणजे दोन-तीन कीटकनाशके, त्यांत वाढीचे टॉनिक, सगळे एकाच पंपात ओतण्याची सवय. हीच सवय आता वावरातून परसबागेत येते आहे, म्हणून हे लिहितो आहे. अंगणातल्या जास्वंदीवर, गुलाबावर, वालाच्या वेलावर किंवा भेंडीवर मावा पडला की शेतात उरलेल्या दोन बाटल्यांतले थोडे थोडे एकत्र करून फवारले जाते. माझे म्हणणे साधे आहे : घरच्या झाडावर माव्यासाठी औषधांचे मिश्रण करण्याची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. एका वेळी एकच उपाय करावा, तोही ठरावीक अंतराने आणि पान उलटून पाहिल्यावर.

यामागचे पहिले कारण माव्याच्या जगण्यात आहे. आपल्या हवेत मावा बहुधा अंडी घालत नाही. मादी नराशिवाय थेट पिल्ले देते आणि ती पिल्ले साधारण आठवड्याभरात स्वतः पिल्ले देऊ लागतात. त्यामुळे एका फवारणीत शंभर टक्के मावा मारण्याचा हट्ट व्यर्थ ठरतो. पानाच्या मागे, मुरडलेल्या शेंड्यात चार-दोन जरी उरले तरी थोड्याच दिवसांत वसाहत पुन्हा उभी राहते. औषधाची ताकद वाढवून हा प्रश्न सुटत नाही, तो वेळापत्रकाने सुटतो. पहिली फवारणी, पाच ते सात दिवसांनी दुसरी, लागलीच तर तेवढ्याच अंतराने तिसरी. आधीच्या फवारणीतून सुटलेले आणि मधल्या काळात जन्मलेले यांना पुढची फवारणी गाठते. सौम्य उपाय तीन वेळा केला तर जे साधते, ते तिखट मिश्रण एकदाच मारून साधत नाही.

दुसरे कारण माव्याच्या शत्रूंचे आहे. लेडीबर्ड भुंगेरा, त्याची काळसर, नारिंगी ठिपक्यांची लांबट अळी, क्रायसोपा आणि सिरफिड माशीची अळी हे सगळे माव्यावर जगतात. पानावर एखादा मावा फुगलेला, तपकिरी आणि निश्चल दिसला तर त्याच्या पोटात परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढते आहे किंवा वाढून गेली आहे असे समजावे. हे मित्रकीटक माव्यानंतर काही दिवसांनी येतात आणि त्यांची वाढ माव्यापेक्षा हळू होते. कडक मिश्रणाने दोघेही मरतात. मग उरलेला मावा मोकळ्या रानात झपाट्याने वाढतो आणि लोक म्हणतात की औषधाची ताकद कमी पडली. सायपरमेथ्रिनसारखी औषधे वारंवार मारल्यावर रसशोषक किडी उलट वाढतात, हे कपाशीत वर्षानुवर्षे दिसले आहे. म्हणून फवारणीआधी पान उलटावे. मित्रकीटक दिसत असतील आणि झाड तरतरीत असेल, तर तीन-चार दिवस थांबावे. झाडावर मुंग्यांची रांग चढत असेल तर आधी तिचा बंदोबस्त करावा, कारण गोड चिकट्यासाठी मुंग्या माव्याची राखण करतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात.

तिसरे कारण माणसाच्या जिवाचे आहे आणि तेच सर्वांत वजनदार आहे. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट ही नावे वेगळी असली तरी गट एकच, ऑर्गनोफॉस्फेट. यांतली दोन मिसळली तर दोन उपाय होत नाहीत, एकाच विषाची मात्रा वाढते. इमिडाक्लोप्रिड, ॲसिटामिप्रिड आणि थायामेथोक्झाम यांचेही तसेच. बाटली बदलली म्हणजे औषध बदलले असे नाही, म्हणून व्यापारी नावाखाली बारीक अक्षरात छापलेले मूळ घटकाचे नाव वाचावे. आणि वेगळ्या गटांची औषधे मिसळली तर डॉक्टरची अडचण होते. ऑर्गनोफॉस्फेटच्या विषबाधेवर ॲट्रोपिन हे ओळखीचे औषध आहे, पण फिप्रोनिलवर तसा ठरावीक उतारा नाही. रुग्णाच्या अंगात नेमके काय गेले हे घरच्यांनाच सांगता येत नसेल, तर उपचाराचा मोलाचा वेळ हातचा जातो. शिवाय परसबाग घराला लागून असते. तिथे लेकरे खेळतात, दोरीवर कपडे वाळत असतात आणि भेंडी दुसऱ्याच दिवशी भाजीत पडते. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर वापरण्यास 2005 पासून बंदी आहे. तरीही शेतातली उरलेली बाटली वांग्यावर रिकामी होत असेल, तर ते आपल्याच ताटात विष वाढणे आहे.

यावर आक्षेप येतात आणि ते ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा की कंपन्या स्वतःच दोन घटकांची तयार औषधे विकतात, मग आपण मिसळले तर बिघडले कुठे? फरक असा की तयार औषधातल्या घटकांचे प्रमाण ठरलेले असते आणि नोंदणीपूर्वी त्या मिश्रणाची तपासणी झालेली असते. बादलीत अंदाजाने ओतलेल्या दोन झाकणांची तपासणी कोणी केलेली नसते. शिवाय तयार मिश्रणही निर्धोक नसते. 2017 मध्ये विक्री थांबवलेल्या पाचांपैकी दोन अशीच तयार मिश्रणे होती. दुसरा आक्षेप मजुरीचा आणि वेळेचा. एका फेरीत दोन कामे उरकली तर खर्च वाचतो, हे दहा एकरांच्या वावरात समजण्यासारखे आहे. अंगणातल्या वीस झाडांना मात्र ते लागू पडत नाही. तिथे फवारणीला फार तर अर्धा तास जातो. आणि दोन्ही एकत्र मारल्यावर गुण कशाने आला किंवा पाने कशाने करपली हे कळत नाही, म्हणजे पुढच्या हंगामासाठी आपण काहीच शिकत नाही.

तिसरा आक्षेप सेंद्रियवाल्यांचा : निंबोळी, साबण, तंबाखूचे पाणी, गोमूत्र हे सगळे नैसर्गिकच, मग एकत्र केले तर काय झाले? तंबाखूतले निकोटीन हे तीव्र विष आहे आणि ते कातडीतूनही आत जाते. नैसर्गिक म्हणून ते निरुपद्रवी होत नाही. गंधकाची फवारणी झालेल्या झाडावर लगेच तेलकट औषध पडले तर पाने करपतात. दोघांत किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत. बोर्डो मिश्रणात साबण घालू नये. मग निंबोळी अर्कात साबण का घालायचा, असा प्रश्न रास्त आहे. तिथे साबण अर्काला पानावर पसरवतो आणि चिकटवतो. ही जोडी वर्षानुवर्षांच्या वापरातून पारखलेली आहे. माझा विरोध अंदाजाने केलेल्या मिश्रणाला आहे.

आता प्रत्यक्ष क्रम सांगतो. मावा दिसताच पहिले दोन-तीन दिवस सकाळी पाण्याच्या जोरदार धारेने पानांच्या मागची बाजू धुवावी आणि फार भरलेले शेंडे खुडून टाकावेत. युरिया थांबवावा, कारण नत्राने लुसलुशीत झालेली पालवी माव्याला आवडते. तेवढ्याने भागले नाही तर साबणाचे पाणी घ्यावे, लिटरला 5 ग्रॅम साधा साबण; कपडे धुण्याची पावडर नको. साबण अंगावर ओला पडला तरच मावा मरतो, वाळल्यावर त्याचा उपयोग संपतो, म्हणून पानाची खालची बाजू भिजलीच पाहिजे. बोअरच्या जड पाण्यात साबण फुटून साका होतो, तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी उत्तम. पाच-सात दिवसांनी दुसरी फवारणी 5 टक्के निंबोळी अर्काची करावी. त्यासाठी 250 ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवावा, सकाळी फडक्याने गाळावा, 10 ग्रॅम साबण विरघळवून घालावा, एकूण 5 लिटर करावे आणि त्याच दिवशी वापरावे. जून-जुलैत गावोगावी निंबोळ्यांचा सडा पडतो. तेव्हाच वेचून, वाळवून ठेवल्या तर वर्षभर पुरतात. नवे काहीही आधी एका फांदीवर मारून 24 तास पाहावे. फवारणी उन्हे उतरल्यावर करावी, कारण तेव्हा मधमाश्या परतलेल्या असतात आणि पानेही भाजत नाहीत. तहानलेल्या झाडावर फवारू नये, आधी पाणी द्यावे.

एवढे करूनही झाड हातचे जाते आहे असे वाटले, तर कृषी केंद्रात शिरण्याआधी कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी सहायकाला पानच नेऊन दाखवावे. रासायनिक औषध घ्यायचेच ठरले तर त्या पिकासाठी लेबलवर शिफारस असलेले एकच घ्यावे, मापानेच घालावे आणि पुन्हा लागले तर वेगळ्या गटातले निवडावे. डब्यावरचा लाल त्रिकोण अतितीव्र विषाचा असतो. तो डबा परसबागेत आणूच नये. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडाला फडके हवे, वाऱ्याकडे पाठ हवी, आणि लेबलवर दिलेला काढणीपूर्व कालावधी संपेपर्यंत भाजी तोडू नये. चक्कर, मळमळ, घाम, धूसर दिसणे यांपैकी काहीही जाणवले तर फवारणी तिथेच थांबवावी, कपडे बदलून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊनच दवाखाना गाठावा. 2017 मध्ये या जिल्ह्याने जी किंमत मोजली ती कपाशीसाठी होती. जास्वंदीच्या चार फांद्यांसाठी तसला धोका पत्करण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही.